प्लग दाखवले, ते माझे नव्हते

जुनी गाडी चालवणाऱ्यांनी वाचावं म्हणून गॅरेजमधला एक अनुभव लिहितोय. यात माझी अक्कलही उघडी पडणार आहे, पण त्याला इलाज नाही.

माझी वॅगन आर 2006 ची, सेकंडहँड घेतलेली. पेट्रोल, 1061 सीसी, चार सिलिंडर. परभणीहून रोज शाळेत जाण्या-येण्याला ती मला पुरते. 2024 च्या मे महिन्यात तिला एक खोड लागली. रस्त्यावर धावताना काही नाही, पण रेल्वेच्या फाटकावर उभी राहिली की अंगात आल्यासारखी थरथरायची. स्टिअरिंग हातात नाचायचं, डॅशबोर्डवरचा गणपती डुलायचा, एसी लावला की आता बंद पडते असं वाटायचं. ॲक्सिलरेटर जरासा दाबला की पुन्हा शहाण्यासारखी.

हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं आणि नेमकं तेच मी गॅरेजवाल्याला सांगितलं नाही. रात्री मोबाईलवर तीन-चार व्हिडिओ बघून गेलो होतो ना! त्यामुळे बॉनेट उघडायच्या आत बोलून बसलो, "मिसिंग मारतेय, ठोका चुकतोय. कॉईल गेली असेल का?" गिऱ्हाईकच पार्टचं नाव घेऊन आल्यावर त्याला शोधायचं काय उरलं? "बरोबर ओळखलं सर तुमी," तो म्हणाला. मास्तराला कुणी 'बरोबर' म्हटलं की तो फुगतो. मीही फुगलो.

पहिल्या दिवशी प्लग आणि त्यांना ठिणगीसाठी वीज देणारी कॉईल बदलली. जुने प्लग म्हणून त्याने काजळी धरलेले चार प्लग हातावर ठेवले. "बगा, कसे जळलेत." मी मान डोलावली. घरी आल्यावर आठवलं, सहा महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंगला मी प्लग बदलले होते आणि ते दुसऱ्या कंपनीचे होते. त्याचं बिलही कपाटात सापडलं. तरी मी मनाची समजूत घातली की मागच्याने टाकलेच नसतील. माणूस आपला मूर्खपणा झाकायला किती कष्ट घेतो!

दोन दिवस गाडी गुळगुळीत चालली. मी खूश. पण पेट्रोल जास्त पिऊ लागली, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तरी पुढे रेटत राहायची. याचं कारण महिन्याने कळलं. या जुन्या गाड्यांत थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, केबलवर चालतो, आणि तो पूर्ण मिटू नये म्हणून एक बारीक स्क्रू असतो. तो थोडा आवळून ठेवला की इंजिन उभ्या जागी जास्त फिरतं आणि थरथर दबते. माझ्या मॉडेलला आरपीएम मीटरच नाही, मग मला कसं दिसणार? साधारण 850-900 च्या आसपास फिरायला हवं ते इंजिन 1200 वर ठेवलेलं होतं. ताप आलेल्या पोराला कपाळावर ओली पट्टी ठेवून शाळेत पाठवायचं, तसा प्रकार.

तिसऱ्या दिवशी थरथर पुन्हा सुरू. मग पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचं क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. तरीही तेच. तेव्हा तो म्हणाला, "सर, तुमी समोर चहा घेऊन या, तवर पोरगं स्कॅनर लावतंय." चहा पिऊन आलो तर स्क्रीनवर मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या पार्टचा, फॉल्ट. मशीनच सांगतंय म्हटल्यावर मी कोण बोलणारा? पण एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती: इतक्या दिवसांत मीटरमधली इंजिनाची चेक लाईट एकदाही पेटली नव्हती. पुढे दुसऱ्या गॅरेजात एकाने मला करूनच दाखवलं. इंजिन चालू ठेवून त्याने त्या सेन्सरचा कनेक्टर उपसला, क्षणात लाईट लागली, स्कॅनरवर तोच फॉल्ट आला. कनेक्टर परत लावून फॉल्ट पुसला, तो पुन्हा आलाच नाही. माझ्या चहाच्या वेळात असंच झालं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण मी चहाला जायला नको होतं.

हिशोब असा: प्लग 800, कॉईल 3200, इंजेक्टर 1800, थ्रॉटल बॉडी 1200, सेन्सर 4500, मजुरी 1500. तेरा हजार. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं पायजे का? 28 टक्के वाढतेत मग." मी पार्टच्या खोक्याच्या पुठ्ठ्यामागे लिहिलेला हिशोब खिशात घालून आलो. जुने पार्ट मागितले, तर ते भंगारात गेले होते.

आठवड्याने त्याने निदान केलं की पिस्टनच्या रिंगा गेल्यात, हाफ इंजिन करावं लागतंय, म्हणजे इंजिन अर्धं खोलून त्या बदलायच्या, 28 हजार. ना कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजलं, ना सायलेन्सरमधून निळा धूर निघत होता, ना मला दोन सर्व्हिसिंगच्या मध्ये कधी ऑईल टाकावं लागलं होतं. नुसता बॉनेटला कान लावून त्याने सांगितलं. मी मात्र पतसंस्थेच्या कर्जाचा फॉर्म आणून ठेवला.

वाचलो ते सेलूला सासुरवाडीत लग्न होतं म्हणून. मेव्हणा काळी-पिवळी चालवतो. गाडी चालूच होती, तो बॉनेटपाशी वाकला आणि हसला, "दाजी, ही तर हवा ओढू लालीय की!" इंजिनाच्या वरच्या झाकणापासून मॅनिफोल्डकडे, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळीकडे, जाणारा बोटाएवढा रबरी पाईप असतो. तो खालच्या बाजूने कुरतडलेला होता. मेव्हण्याने भोकावर अंगठा दाबला, फुसफुस थांबली आणि इंजिन गप्प झालं. तो फुसफुस आवाज मीही महिनाभर ऐकत होतो, मला वाटायचं एसीचा आहे.

उभ्या गाडीत थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, त्यामुळे मॅनिफोल्ड जोरात हवा खेचतो. भोकातून चोरहवा आत आली की इंजिनाचा हवा-पेट्रोलचा हिशोब बिघडतो. थ्रॉटल उघडला की ती ओढ कमी होते आणि तेवढी चोरहवा खपून जाते. म्हणून धावताना काही नाही आणि फाटकावर थरथर. मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, ते हेच.

पाईप कुरतडला कुणी? उंदरांनी. गाडी ज्या पत्र्याच्या शेडला लागून उभी असते तिथे भावाने सोयाबीनचे कट्टे रचून ठेवले होते. हमीभाव 4600, बाजारात तेवढाही मिळेना, म्हणून थांबला होता. त्याचा भाव वाढला नाही, माझा पाईप गेला.

नवा पाईप आणि दोन क्लिपा, 180 रुपये. नंतर खात्री म्हणून दुसरीकडे कॉम्प्रेशन मोजून घेतलं, चारही सिलिंडर 170 ते 175 पीएसआय. हाफ इंजिनाचा प्रश्नच नव्हता. त्याच माणसाने 'नवीन' कॉईलवरची मार्करची खूण दाखवली. ती आधी कुणाच्या तरी गाडीतून उतरलेली होती. थ्रॉटलचा तो आवळलेला स्क्रूही त्यानेच जागेवर आणला.

1915 या ग्राहक हेल्पलाईनला फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही. पण पुरावा म्हणून माझ्याकडे काय होतं? पुठ्ठा. त्यावर ना गॅरेजचं नाव, ना सही.

परवा बसस्टँडजवळ तोच गॅरेजवाला भेटला. मोठ्या अदबीने नमस्कार करून म्हणाला, "सर, हाफ इंजिन करायचं राहूनच गेलं की तुमचं."