डाकारमध्ये आठ महिने वोलोफ शिकल्यावर

कामासाठी सेनेगलच्या राजधानीत, डाकारला आलो तेव्हा फ्रेंच येतं म्हणून निर्धास्त होतो. ऑफिसात ते पुरलंही. पण कोपऱ्यावरची मासळीवाली, टॅक्सीवाले, आमच्या इमारतीचे गार्ड आपसात बोलतात ते वोलोफमध्ये. सेनेगलची राजभाषा फ्रेंच असली तरी रस्त्यावर कानी पडते ती हीच भाषा. मूळचे वोलोफ लोक देशात निम्म्याहून कमी, पण भाषा बहुतेकांना येते. शेजारच्या गांबियात आणि मॉरिटानियातही ती बोलतात.

सुरुवात केली परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, पीस कोअरने, त्यांच्यासाठी काढलेल्या पुस्तिकांपासून. नेटवर फुकट मिळतात. सेनेगलची घ्या, गांबियाची नको. तिथल्या बोलीत इंग्रजी शब्द मिसळलेत, इथल्या बोलीत फ्रेंच. पहिले धडे नुसत्या विचारपुशीचे आहेत आणि ते अगदी योग्य आहे. "ना न्गा देफ?" म्हणजे कसा आहेस. उत्तर, "मा न्गी फी रेक्क", मी इथंच आहे. मग घरची मंडळी, मग काम. एवढं झाल्याशिवाय भाव विचारणं इथं उद्धटपणाचं दिसतं.

एक चूक तुम्ही करू नका. मी दोन महिने वही देवनागरीत लिहिली. च, ञ, ङ आपल्याकडे आहेतच, म्हणून सोपं वाटलं. पण ऱ्हस्व ओ आणि दीर्घ ओ आपण वेगळे लिहीत नाही. "ख़ोल" म्हणजे हृदय आणि "ख़ोऽल" म्हणजे बघणं, वहीत दोन्ही सारखेच! शेवटी सरकारमान्य रोमन लेखनाकडे वळलो आणि उच्चार सुधारले.

व्याकरणात मला सर्वांत आवडलं ते क्रियापद. ते बदलतच नाही. काळ आणि जोर सर्वनामाच्या रूपात असतो. "देम" म्हणजे जाणं. "देम ना" म्हणजे गेलो, "दिना देम" म्हणजे जाईन. "मा देम" म्हटलं की मीच गेलो, आणि "डाकार ला देम" म्हटलं की डाकारलाच गेलो. आपला "च" जिथं बसतो, तिथं वोलोफ सर्वनामच बदलते. हे कळलं त्या संध्याकाळी मी शिक्षिकेला तासभर नुसती वाक्यं विचारत बसलो.

नामांचे एकवचनात आठ वर्ग आहेत आणि नामामागचा छोटा शब्द वर्गाप्रमाणे बदलतो. माणूस "नित की", झाड "गरब गी", पाणी "न्दोख़ मी". जवळचं मूल "ख़ले बी", लांबचं "ख़ले बा". आपल्या तो-ती-ते सारखंच, शब्दासोबतच पाठ करायचं. झाँ-लेओपोल द्यूफ यांच्या वोलोफ-फ्रेंच कोशाचा यात फार उपयोग झाला. फ्रेंच येत नसेल तर पामेला मन्रो आणि दिएनाबा गाये यांचा वोलोफ-इंग्रजी कोश बघा. फोनवरच्या भाषांतराच्या ॲपने मात्र मला बरेचदा भलतंच सांगितलं. पाटी वाचायला ठीक, शिकायला नाही.

सगळ्यांत जास्त वेळ आकड्यांना लागला. मोजणी पाचावर चालते. "जुरोम" पाच, "जुरोम बेन्न" म्हणजे पाच-एक, अर्थात सहा. इथवर ठीक. पण बाजारात पैसे इथल्या चलनात, फ्रँकमध्ये, मोजत नाहीत, "दरम"मध्ये मोजतात, आणि एक दरम म्हणजे ५ फ्रँक. मासळीवालीने वाट्याचे "ञारी तेमेर" सांगितले. तेमेर म्हणजे शंभर, म्हणून मी २०० फ्रँक पुढे केले. तिला हवे होते १०००. तिने माझ्या तळहातावर एकेक नाणं ठेवून पुन्हा मोजून दाखवलं, मागे रांग लागली होती तरी. माझी आजी पंचाहत्तर पैशांना बारा आणे म्हणायची, ते आठवलं. तो हिशोब तिला कोणी शिकवावा लागला नव्हता.

सहाव्या महिन्यात पाचाने गुणणं सुटलं. आता आकडा ऐकला की हात बरोबर नोटेकडे जातो. परवा "जरजफ" म्हणून निघालो, तर मासळीवालीने मान न उचलता, मासा साफ करत "ञो को बोक्क" म्हटलं. जरजफ म्हणजे धन्यवाद. तिच्या उत्तराचा अर्थ, हे आपल्या दोघांचं आहे.