जाम बोल्टसाठी डब्ल्यूडी-४०: कुठे पुरतो, कुठे नाही

निळ्या-पिवळ्या डब्यातला हा स्प्रे गॅरेजमध्ये असावाच, पण गंजलेल्या प्रत्येक बोल्टवर तो रामबाण नाही. १९५३ मध्ये सॅन दिएगोत तो तयार झाला तो धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. जाम आटे सोडवणं हे त्याचं जोडकाम. हलक्या गंजावर, म्हणजे मडगार्ड, बंपर ब्रॅकेट, बॅटरी ट्रे, नंबरप्लेट अशा ठिकाणी तो उत्तम चालतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं फिरलेल्या गाडीच्या सायलेन्सरचे स्टड (डोकं नसलेले बोल्ट) मात्र त्याला दाद देत नाहीत.

निकाल बराचसा वापरावर ठरतो. आधी वायर ब्रशने उघडे आटे घासून घ्या. वर गंजाची खपली असेल तर तेल आत जाणार कसं? डब्याची लाल नळी लावून नटच्या दोन्ही बाजूंनी मारा, दोन सेकंद पुरतात. मग हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके पंधरा-वीस ठोके द्या. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आटे आवळले जातात. ठोक्यांनी तो थर तडकतो आणि पातळ तेल त्या फटींतून आत ओढलं जातं. वीस मिनिटांनी पुन्हा मारा. शक्य असेल तर रात्रभर ठेवा. स्प्रे मारून लगेच पाना लावला, तर पैसे गेलेच म्हणून समजा.

सोडवताना सहा कोनांचीच गोटी (सॉकेट) घ्या. बारा कोनांची गोटी कोपऱ्यावरच जोर देते आणि नट गोल करते. आधी किंचित आवळा, मग सोडा. पाव फेरा सुटला की पुन्हा आत, थोडा स्प्रे, पुन्हा बाहेर. पाना फिरतोय पण हाताला स्प्रिंगसारखं लवचीक लागतंय, तर तिथेच थांबा: नट सुटत नाहीये, बोल्ट पिळतोय आणि पुढच्या झटक्याला तुटणार. पाइप लावून लांब दांडा करणाऱ्यांचे बहुतेक एम८ (८ मिमी जाडीचे) बोल्ट इथेच जातात.

यापुढचा उपाय उष्णता. बोल्टला नव्हे, नटला तापवा. नट फुगतो आणि पकड सैल होते. पण हा स्प्रे ज्वलनशील आहे, म्हणून ज्योत लावण्याआधी तो पूर्ण पुसून सुकू द्या. पेट्रोलची टाकी, सीएनजीची लाइन, शॉकॲब्सॉर्बर आणि रबरी बुश यांच्याजवळ ज्योत नकोच. लाल थ्रेडलॉक (आटे चिकटवून ठेवणारा गोंद) लावलेला बोल्ट तर कुठल्याही तेलाने सुटत नाही, त्याला उष्णताच लागते.

ब्रेकजवळ फार जपा. डिस्क किंवा पॅडवर फवारा उडाला तर ब्रेक नीट लागणार नाही. डिस्क ब्रेक क्लीनरने साफ होते, पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर पॅड बदलावेच लागतात.

सायलेन्सर किंवा सस्पेन्शनचं काम ठरलेलं असेल, तर याच कंपनीच्या स्पेशालिस्ट मालिकेतला पेनिट्रंट घ्या. तो खास जाम आट्यांसाठीच बनवलेला आहे. साधा डबा घरच्या किरकोळ कामाला ठेवा. परत बसवताना मात्र दोन्हीपैकी काहीच लावू नका, ते टिकत नाही. सायलेन्सरच्या स्टडना अँटी-सीझ पेस्टचा (आटे पुन्हा जाम होऊ न देणाऱ्या लेपाचा) पातळ हात द्या आणि टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, थोडा कमी ठेवा, कारण घर्षण घटल्याने तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.