मामलेदार मिसळ, ठाणे: तिखट रस्सा, सामाईक टेबल आणि निवडणुकीची चर्चा

ठाण्यात शिकलेल्या माणसाला मामलेदार मिसळीची ओळख करून द्यावी लागत नाही. परंतु घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या वसाहतींत राहायला आलेल्या अनेक कुटुंबांनी तिचे केवळ नाव ऐकलेले असते आणि त्यांच्या घरातील महाविद्यालयीन मुलांना मित्रांसोबत बसण्याची जागा म्हणजे मॉलमधील कॅफे एवढेच ठाऊक असते. हे परीक्षण मी मुख्यतः त्यांच्यासाठी लिहीत आहे. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला, चालत जाता येईल इतक्या अंतरावर, तहसील कचेरीच्या आवारातले उपाहारगृह म्हणून ही जागा सुरू झाली आणि मामलेदार कचेरीचेच नाव तिला मिळाले. मुर्डेश्वर कुटुंबाने नावारूपाला आणलेल्या या मिसळीला आता सात दशकांहून अधिक काळ लोटला आहे. तिच्या इतरत्र शाखाही निघाल्या आहेत. मी मात्र येथे फक्त मूळ जागेविषयी लिहितो.

प्रथम मिसळीविषयी. येथे लो, मीडियम आणि तिखट असे तीन प्रकार मिळतात आणि नवख्या माणसाने हा प्रश्न गांभीर्याने घ्यावा, कारण येथील ‘तिखट’ खरोखरच तिखट असते. उसळीवर फरसाण, त्यावर लालभडक रस्सा, वर बारीक चिरलेला कांदा आणि सोबत पाव, इतकाच हा साधा मामला आहे. पुण्याच्या मिसळीत येणारे पोहे, नाशिककडे शेजारी मांडलेले पापड आणि दही, असा कोणताही पसारा नाही. रश्श्याचा तिखटपणा जिभेच्या टोकाला लगेच जाणवत नाही. दोन घासांनंतर तो घशात उतरतो आणि मग कपाळावर घाम येतो. माझ्या मते मीडियम हीच या मिसळीची खरी चव आहे, कारण तिच्यात मसाल्याचा खमंगपणा आणि कांद्याचा गोडवा दोन्ही कळतात. तिखट मागवणाऱ्यांमध्ये पैज लावून आलेली मुले बरीच असतात आणि त्यांच्या उत्साहाचा मला आनंदच वाटतो. तरीही पहिल्या भेटीत मीडियमच घ्यावी आणि ताक सुरुवातीलाच सांगून ठेवावे. फरसाण रश्श्यात भिजून मऊ पडण्याआधी खायला सुरुवात करावी, म्हणजे कुरकुरीत आणि ओले असे दोन्ही घास मिळतात.

या जागेचे दुसरे वैशिष्ट्य तिच्या पत्त्यातून आले आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर या कागदांसाठी तहसील कचेरीची पायरी चढली नाही असा विद्यार्थी आमच्या पिढीत क्वचितच सापडेल. प्रवेशाच्या हंगामात सकाळी रांगेत उभे राहायचे, अर्ज आत गेला की मिसळ खायची, हा जणू प्रवेशप्रक्रियेचाच एक टप्पा होता. आता बरेच अर्ज ऑनलाइन होतात. तरीही कचेरी आणि न्यायालयाच्या या परिसरात वकील, कारकून, गावाकडून सातबाऱ्याच्या कामासाठी आलेले शेतकरी आणि महाविद्यालयातील मुले यांची ये-जा सुरूच असते. जागा लहान आणि गर्दी मोठी असल्यामुळे टेबल अनोळखी माणसांबरोबर वाटून घ्यावे लागते. मला ही गैरसोय वाटत नाही. येथील सर्वांत मौल्यवान गोष्ट हीच आहे, असे मी पूर्ण विचारांती म्हणतो.

2004च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी आम्ही विद्यार्थी होतो. उत्तर मुंबईतून सलग 5 वेळा निवडून आलेले, केंद्रात पेट्रोलियम खाते सांभाळणारे राम नाईक अभिनेता गोविंदाकडून पराभूत झाले आणि त्या निकालावर या टेबलांभोवती जितके वाद झाले तितके आमच्या वर्गात राज्यशास्त्राच्या तासालाही झाले नाहीत. विरारच्या चाळीतून वर आलेला मुलगा आपला वाटतो, असे आमच्यातील काहींचे म्हणणे होते; लोकल गाड्यांचे प्रश्न पडद्यावरचा नायक कसे सोडवणार, असे इतरांचे. शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी, आमची ओळख नसतानाही, चर्चेत भाग घेऊन 1984ची आठवण सांगितली. त्या वर्षी अमिताभ बच्चन यांनी अलाहाबादमध्ये हेमवतीनंदन बहुगुणांसारख्या मुरलेल्या नेत्याला हरवले आणि 1987मध्ये खासदारकीचा राजीनामाही दिला. त्याच निवडणुकीत वायव्य मुंबईतून सुनील दत्त निवडून आले आणि 1987मध्येच पंजाबातील शांततेसाठी मुंबईहून अमृतसरपर्यंत पायी चालत गेले. दोघेही लोकप्रियतेच्या लाटेवर संसदेत पोहोचले होते, परंतु लोकांनी दत्त यांना पुढे पुन्हा पुन्हा निवडून दिले, हा फरक त्या गृहस्थांनी आम्हाला दाखवून दिला. तो पुस्तकात वाचून इतका पक्का लक्षात राहिला नसता.

अलीकडे भाचीला घेऊन गेलो तेव्हा विषय तोच होता, नावे मात्र नवी होती. तमिळ अभिनेते विजय यांनी 2024मध्ये तमिळगा वेट्री कळघम हा पक्ष काढला, याचे तिच्या मैत्रिणींना मोठे अप्रूप आहे. “मामा, पडद्यावर अन्यायाविरुद्ध लढणारा माणूस निदान प्रश्न तरी मांडेल ना?” असे तिने विचारले. तिचा प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला घाईने उत्तर देणे मला बरोबर वाटले नाही. समोर बसलेल्या तरुण वकिलाने आंध्रचे उदाहरण काढले. एन. टी. रामाराव यांनी मार्च 1982मध्ये तेलुगू देसम स्थापन करून जानेवारी 1983मध्ये मुख्यमंत्रिपद मिळवले. चिरंजीवी यांनी 2008मध्ये काढलेल्या प्रजा राज्यम पक्षाला 2009मध्ये 294 पैकी 18 जागा मिळाल्या आणि 2011मध्ये तो काँग्रेसमध्ये विलीन झाला. त्यांचेच धाकटे भाऊ पवन कल्याण 2019मध्ये स्वतः दोन्ही मतदारसंघांत हरले, पण पक्ष गुंडाळून न ठेवता टिकून राहिले आणि 2024मध्ये त्यांच्या जनसेनेने लढवलेल्या सर्व 21 जागा जिंकल्या. चाहते पहिल्या सभेला येतात, पाच वर्षांनी मात्र मतदार येतो, असे त्या वकिलाचे मत पडले. भाचीने लगेच शिरूरच्या अमोल कोल्हे यांचे नाव घेतले, कारण छत्रपती संभाजी महाराजांच्या भूमिकेमुळे घरोघर पोहोचलेले हे अभिनेते 2019नंतर 2024मध्येही निवडून आले आहेत. मी आचार्य अत्र्यांची आठवण करून दिली. त्यांच्या चित्रपटाला 1954मध्ये पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले होते आणि तरीही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात लोक त्यांच्या मागे गेले ते त्यांच्या लेखणीमुळे आणि व्यासपीठावरील वाणीमुळे. मराठी माणसाने कलावंताला मान भरपूर दिला, पण तमिळनाडू वा आंध्रप्रमाणे त्याच्या हाती राज्य दिले नाही. माझ्या मते याचे मोठे कारण असे की आपल्याकडे शाखा, पतपेढ्या, सहकारी संस्था आणि गल्लीतील कार्यकर्ता यांचे जाळे आधीपासूनच घट्ट होते. वकिलाला हे पटले नाही. एम. जी. रामचंद्रन यांच्यामागेही द्रमुकची अनेक वर्षांची बांधणी होती, 1972मध्ये वेगळा पक्ष काढल्यावर मुख्यमंत्री होण्यास त्यांना 1977पर्यंत थांबावे लागले, असे त्याने सांगितले, आणि त्याचा मुद्दा योग्य होता.

असा संवाद कॅफेमध्ये होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. तेथे खुर्च्या उत्तम आहेत, वातानुकूलन आहे, तासन्‌तास बसता येते. परंतु प्रत्येक टेबल आपल्यापुरते असते आणि एका कॉफीच्या किमतीत येथे दोन-तीन मुलांची न्याहारी होऊ शकते. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारी आणि अनोळखी माणसाशी बोलायला लावणारी जागा शहरात किती उरली आहे, याचा विचार महापालिकेने आणि महाविद्यालयांनीही करावा. तलावपाळीचा कट्टा आहे, तेवढे ठाणेकरांचे भाग्य; पण पावसाळ्यात तेथे बसता येत नाही.

काही मर्यादा स्पष्ट सांगतो. ही निवांत बसण्याची जागा नाही. मागे लोक उभे असताना खाणे झाल्यावर टेबल अडवून ठेवणे योग्य नव्हे. चर्चा लांबली तर ती उठून तलावपाळीच्या दिशेने चालत पुढे न्यावी. लहान मुलांना लो मिसळही झणझणीत वाटू शकते, तेव्हा त्यांच्यासाठी रस्सा कमीच घालायला सांगावा. ज्यांना पित्ताचा त्रास आहे त्यांनी रिकाम्या पोटी जाऊ नये. मोटारीने येण्याचा विचार सोडून द्यावा, कारण या भागात वाहन लावण्यास जागा मिळवणे फार अवघड असते. रविवारी सकाळी गर्दी सर्वाधिक असते. कामकाजाच्या दिवशी दुपारी जेवणाची वेळ टळल्यावर गेल्यास टेबल लवकर मिळते. दाखल्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांनी आधी कचेरीतील काम उरकावे आणि मगच मिसळ मागवावी, म्हणजे रश्श्याचे डाग मूळ कागदपत्रांवर पडणार नाहीत.