७५ गॅलनच्या टँकमधले हर्मिट क्रॅब : झू मेडची रेप्टीथर्म मॅट आणि इंकबर्डचा थर्मोस्टॅट

निकाल आधी सांगतो. इंकबर्डचा आयटीसी-३०८ थर्मोस्टॅट (तापमान बघून वीज चालू-बंद करणारं उपकरण) डोळे झाकून घ्या. रेप्टीथर्म ही टँकच्या काचेला चिकटवायची, विजेवर तापणारी मॅटही चांगली आहे, पण पाकिटावर लिहिलंय तशी बसवायची नाही आणि पाकिटावर लिहिलीय तेवढीच घेऊनही भागायचं नाही. अमेरिका-कॅनडाच्या हिवाळ्यात जमिनीवर राहणारे हर्मिट क्रॅब (शंखात राहणारे खेकडे) पाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. तिकडच्या दुकानांत मिळणारे बहुतेक 'सीनोबिटा क्लिपिएटस' या कॅरिबियन जातीचे असतात. त्यांना हवा २४ ते २९ अंश सेल्सियस लागते आणि आर्द्रता ७५ ते ८५ टक्के. कल्ले ओले राहिले तरच त्यांना श्वास घेता येतो, त्यामुळे नुसती ऊब देऊन उपयोग नाही, हवा दमटही राहिली पाहिजे. सिरॅमिक बल्ब किंवा उष्णतेचा दिवा इथेच बाद होतो. वरून तापवला की टँक काही तासांत कोरडा पडतो.

आता मॅट. मोठी रेप्टीथर्म ८ × १८ इंचांची, २४ वॅटची, आणि पाकिटावर ती ५० ते ६० गॅलनसाठी असल्याचं म्हटलंय. हा हिशेब सरपटणाऱ्या प्राण्यांचा आहे. त्यांना तळाशी एक ऊबदार कोपरा मिळाला की पुरतं. क्रॅबच्या टँकमध्ये सगळी हवा तापवायची असते, म्हणून गॅलन विसरून वॅट मोजा. ७५ गॅलनचा नेहमीचा टँक ४८ × १८ × २१ इंचांचा. चारही बाजू आणि झाकण धरून सुमारे २.३५ चौरस मीटर काच होते. एकेरी काचेतून दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला साधारण ५ ते ५.५ वॅट बाहेर जातात. खोली २० अंशांवर आणि टँक २८ वर ठेवायचा तर सतत १०० वॅटच्या आसपास उष्णता लागते. मागची काच आणि दोन्ही टोकं झाकली की गरज ६० ते ६५ वर येते. म्हणजे २४ वॅटच्या दोन मॅट मागच्या काचेवर आणि १६ वॅटची मधली (८ × १२ इंच) एका टोकाला, एकूण ६४. खोली रात्री १५ पर्यंत उतरत असेल तर एवढ्यावर भागणार नाही, खोलीचाच हीटर थोडा वाढवावा लागेल.

मॅट तळाला चिकटवायची नाही, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. क्रॅब कात टाकायला खोल पुरून घेतो आणि कित्येक आठवडे तिथेच राहतो. उन्हाळ्यात जमीन तापली की तो अजून खाली जातो, कारण निसर्गात खाली गारवा असतो. तळाशी मॅट असेल तर खाली जाईल तितकी आच वाढते आणि कात टाकताना मऊ पडलेला जीव तिथेच होरपळतो. शिवाय ओली वाळू खालून सुकते, त्याचं बीळ ढासळतं, आणि वजनाखालच्या तापलेल्या काचेला तडा जायची भीती वेगळीच. मॅटची जागा मागच्या काचेवर, बाहेरून, वाळूच्या रेषेच्या वर. वाळू आणि कोकोपीट ५:१ प्रमाणात, ८ इंचांचा थर (किमान ६ किंवा सर्वांत मोठ्या क्रॅबच्या उंचीच्या तिप्पट, यांतलं जे जास्त ते) धरला तर २१ इंचांतले १३ इंच वर उरतात. ८ इंचांची मॅट त्यात आरामात बसते.

मॅट टँक भरण्याआधी लावा. ८ इंचांच्या थरात ११० लिटरच्या वर माल जातो आणि ओला झाला की दीडशे किलो सहज ओलांडतो. मग टँक भिंतीपासून इंचभरही सरकत नाही. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, एका कडेपासून तळव्याने दाबत जा. मध्ये हवेचा फुगा राहिला की तिथली उष्णता काचेत न जाता मॅटमध्येच साठते आणि तेवढा भाग जळका दिसू लागतो. मॅट दुमडायची नाही, एकीवर दुसरी चढवायची नाही. हिचा गोंद एकदाच चालतो, आणि माझी हिच्याबद्दलची खरी तक्रार हीच आहे. उपटून दुसऱ्या टँकला लावता येत नाही, ओढाताणीत आतली तार तुटते. कडा पुढे सुटल्या तर ॲल्युमिनियमची टेप लावा. मॅटच्या मागे चंदेरी फॉइलचा फुगेदार इन्सुलेशनचा थर द्या, उरलेल्या काचेला थर्मोकोल चालेल. मॅटवर थेट थर्मोकोल नको, आणि जिथून वायर निघते तो जाड ठोकळा उघडाच ठेवा.

तिन्ही मॅट एकाच, समजा उजव्या, बाजूकडे घेऊन लावा, म्हणजे उजवं टोक २८-२९ आणि डावं २५ च्या आसपास राहील. क्रॅबला जागा निवडता आली पाहिजे.

थर्मोस्टॅटशिवाय या मॅट लावूच नका. आयटीसी-३०८ मध्ये तापवणं आणि थंड करणं यांचे दोन वेगळे सॉकेट असतात. तिन्ही मॅट पट्टीच्या बोर्डवरून तापवण्याच्या सॉकेटला जोडा. टीएस (हवं ते तापमान) २७ ठेवा, एचडी (त्याच्या किती अंश खाली गेल्यावर तापवणं सुरू व्हावं) १. मग २६ वर चालू होतो, २७ वर बंद. एचडी मुळात २ असतो, तो कमी करायला बरेच जण विसरतात आणि मग रात्री टँक २५ पर्यंत का उतरतो म्हणून कोड्यात पडतात. एएच (वरच्या तापमानाचा गजर) ३०, एएल (खालच्या तापमानाचा गजर) २३ ठेवलं की गजर वेळेवर वाजतो. पीटी (पुन्हा चालू होण्याआधीचा थांबा) थंड करणाऱ्या यंत्राच्या कॉम्प्रेसरसाठी आहे, त्याला हात लावू नका.

थर्मोस्टॅटचा सेन्सर कुठे टांगता यावर सगळं अवलंबून आहे. टँकच्या मध्यावर, वाळूपासून ४-५ इंच वर, काचेला न टेकता. मॅटजवळ टांगला तर तो आधीच तृप्त होतो आणि बाकी टँक थंड राहतो. वाळूत पुरला तर उलट होतं, मॅट तासन्‌तास चालू राहते. क्रॅब वायरवर चढून सेन्सर खाली ओढतात, म्हणून वायर धरून ठेवणारा सक्शन कप दर आठवड्याला तपासा. दुसऱ्या टोकाला स्वतंत्र डिजिटल थर्मामीटर-हायग्रोमीटर (तापमान आणि आर्द्रता मोजणारा) हवाच. थर्मोस्टॅटमधला रिले (आतला स्विच) चिकटून मॅट चालूच राहिली तर ती बातमी त्याच्याकडूनच कळते. हायग्रोमीटर आधी मिठावर तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याने ओलसर करा, ते आणि हायग्रोमीटर दोन्ही बंद पिशवीत ८ तास ठेवा, आकडा ७५ दिसायला हवा.

झाकण काचेचं हवं, जाळीचं नको. त्यावरही रात्री फोमचा तुकडा ठेवा. थंड झाकणाला वाफ धरते, थेंब वाळूत गळत राहतात, तळाशी पाणी साचून वास सुटतो आणि पुरलेला क्रॅब अर्धवट कात टाकून वर येतो. क्रॅब सोडण्याआधी सगळी जोडणी निदान दोन दिवस रिकामी चालवून आकडे लिहून ठेवा.

भारतातल्यांसाठी दोन गोष्टी. मुंबई-गोव्यात एवढ्या हीटिंगची गरज पडत नाही, पुण्या-नाशिकच्या जानेवारीत थोडी पडेल. आणि कोकणात ओहोटीला खडकांवर दिसणारे हर्मिट क्रॅब बहुतेक समुद्रातले असतात, ते या वाळूच्या टँकमध्ये जगणार नाहीत, तिथेच राहू द्या. अमेरिकेतून सामान आणणार असाल तर ११० व्होल्टची मॅट इथल्या २३० व्होल्टला थेट कधीच लावू नका. व्होल्टेज दुप्पट झालं की वॅट चौपट होतात, २४ ची मॅट ९० च्या वर जाते आणि काचेला चिकटलेली असतानाच पेटू शकते. थर्मोस्टॅटही ११० चा असेल तर तोही चालणार नाही. इथे २२० व्होल्टचंच मॉडेल घ्या.