'डी म्योर्डर झिंट उंटर उन्स'ची डीव्हीडी: चित्र उत्तम, सबटायटल कच्ची

जर्मनीचा विसाव्या शतकातला इतिहास सिनेमातून समजून घ्यायचा असेल, तर मी सगळ्यांना आधी हाच चित्रपट सांगते. दिग्दर्शक वोल्फगांग श्टाउटे यांचा 'डी म्योर्डर झिंट उंटर उन्स', म्हणजे 'खुनी आपल्यातच आहेत'. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत तयार झालेला हा पहिला कथापट. १ ऑक्टोबर १९४६ला नाझी नेत्यांवरच्या नुरेंबर्ग खटल्याचा निकाल लागला आणि १५ तारखेला बर्लिनमध्ये हा पडद्यावर आला. इंटरनेटवरच्या धूसर प्रतीला कंटाळून इंग्रजी सबटायटलवाली डीव्हीडी मागवली.

चित्राबद्दल बोलायलाच नको. यातले बर्लिनचे ढिगारे सेटवरचे नाहीत, खरे आहेत. धूळ, विटा, अर्ध्यात तुटलेल्या भिंती, सगळं स्वच्छ दिसतं. छळछावणीतून सुटून आलेली झुझान (हिल्डेगार्ड क्नेफ) आपल्या घरी परतते, तर तिथे मेर्टेन्स नावाचा डॉक्टर मुक्काम ठोकून बसलाय, दारूत बुडालेला. खिडकीच्या काचा फुटल्यात म्हणून तिथे एक्स-रेच्या फिल्म लावल्यात. धूसर प्रतीत ते नुसते काळे चौकोन वाटतात. इथे ते एक्स-रे आहेत हे कळतं, आणि त्या शहराची अवस्था सांगायला वेगळा संवाद लागत नाही.

घोळ आहे तो सबटायटलचा. मेर्टेन्सचा युद्धातला कॅप्टन ब्र्युकनर याने १९४२च्या नाताळात पोलंडमध्ये बायकामुलांसकट निरपराध माणसांना गोळ्या घालायला लावल्या होत्या. आता तो कारखानदार आहे. सैनिकांच्या लोखंडी शिरस्त्राणांची भांडी बनवतो, बायकोमुलांत रमलेला, खाऊनपिऊन सुखी. एका प्रसंगात तो वर्तमानपत्रात बांधून आणलेला पाव खातो. त्या कागदावर मथळा आहे: ऑशविट्झमध्ये (नाझींची मृत्युछावणी) वीस लाख माणसं गॅसने मारली. तो वाचत नाही, खात राहतो. अख्खा चित्रपट त्या एका कागदात आहे, आणि नेमका तिथे सबटायटलवाल्यांनी मथळा गाळलाय! जर्मन न येणाऱ्याला दिसणार काय, तर एक जाडा माणूस डबा खातोय. हा हलगर्जीपणा माफ करण्यासारखा नाही.

सोबत माहितीपुस्तिकाही नाही, आणि या चित्रपटाला ती हवीच. हरलेल्या जर्मनीचा ताबा तेव्हा जेत्या राष्ट्रांकडे होता, म्हणून श्टाउटे संहिता घेऊन आधी पाश्चात्त्य राष्ट्रांच्या अधिकाऱ्यांकडे गेले होते. तिथे नकार मिळाला. होकार दिला तो सोव्हिएत अधिकाऱ्यांनी, आणि त्यांच्या ताब्यातल्या भागात नुकत्याच स्थापन झालेल्या डेफा या चित्रपटसंस्थेची ही पहिली निर्मिती ठरली. पण शेवट बदलावा लागला. मूळ संहितेत डॉक्टर कॅप्टनला ठार मारतो. लोक असा परस्पर सूड घ्यायला लागले तर काय, म्हणून सोव्हिएत बाजूने हरकत घेतली. पडद्यावर झुझान त्याला अडवते. आणखी एक गोष्ट: याच श्टाउटेंनी १९४०च्या 'यूड झ्यूस' या ज्यूद्वेष्ट्या प्रचारपटात छोटी भूमिका केली होती. छायाचित्रकारांपैकी एक, फ्रिडल बेन-ग्रुंट, यांनी १९४१मध्ये आजारी माणसांना मारणं योग्य ठरवणारा 'इश क्लागे आन' चित्रित केला होता. शीर्षकातल्या 'आपल्यात' कोण कोण येतं, हे त्याशिवाय नीट कळत नाही.

चित्रपटातलं मला खटकतं ते वेगळंच. झुझानवर छावणीची एकही खूण नाही, केस नीटनेटके, चेहरा तुकतुकीत. दुःखाचा सगळा वेळ जर्मन डॉक्टरला मिळतो आणि मेलेल्या पोलिश लोकांना थोडीशी जागा. मला यात १९४६चा जर्मन समाज दिसतो: स्वतःची जखम आधी दिसली, दुसऱ्यांची फार उशिरा. म्हणूनही हा चित्रपट पाहायला हवा.

पाचपैकी चार तारे, एक सबटायटलपायी कापला. कुणाला दाखवणार असाल तर पाव खायच्या प्रसंगात थांबवा आणि मथळा वाचून दाखवा.