पाचशेच्या आतला घडीचा चाकू: पातं चांगलं, खुंटी टोचरी

हार्डवेअरच्या दुकानात पाचशेच्या आत मिळणारा, काळ्या मुठीचा, बिननावाचा घडीचा चाकू केळीच्या बागेत वापरायला घ्यावा का? घ्यावा. फक्त अंगठ्याने पातं उघडायची जी खुंटी असते, ती घासून घ्यायची तयारी ठेवावी.

पातं साधारण तीन इंचांचं, स्टेनलेस. सुतळी, घडावर चढवायची स्कर्टिंग बॅग (झाकायची पिशवी), 16 मिलिमीटरची ठिबकची नळी, वाळलेलं पान एवढ्याला भरपूर झालं. घड उतरवायला कोयताच लागतो, तिथे याचा जीव काढू नका. धार बरी येते, लायनर लॉक (उघडलेल्या पात्यामागे सरकून त्याला अडवणारी, मुठीतली धातूची पट्टी) नीट बसतो. खिशाला अडकवायची क्लिप ढिली आहे, पण ती चिमट्याने जरा दाबली की काम भागतं.

गडबड आहे ती खुंटीत. लेथवर कातताना वरच्या कडेला राहिलेली बारीक कूस, म्हणजे धातूची टोचरी कड, कोणी काढलेलीच नसते. मे महिन्यात रावेर-यावलकडे पारा 45 च्या घरात जातो. घामाने मऊ पडलेला अंगठा दिवसभर त्या कडेवर घासला तर कातडी सोलवटते, आणि वर केळीचा चीक लागला की चरचरतं. कूस डोळ्यांना दिसत नाही. जुन्या सुती कापडाचा तुकडा खुंटीवरून हलकेच ओढा, धागा जिथे अडकेल तिथे कूस.

घासायचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश कागद) हातात घेण्याआधी एक गोष्ट तपासाच. काही चाकूंत हीच खुंटी पात्याला थांबवणारा अडसरही असते. मार्करने खुंटी पूर्ण काळी करा आणि पातं दोन-तीनदा उघडा-मिटा. बुडाशी शाई पुसली गेली तर खुंटी तिथे मुठीला टेकते आहे. ती जागा अजिबात घासायची नाही. तिथला धातू कमी झाला की पातं ठरल्यापेक्षा पुढे जातं, लायनर नको तितका आत सरकतो आणि पातं खुळखुळायला लागतं. काही बनावटींत पातं मिटल्यावरही खुंटीच टेकते, मग धार आतल्या धातूवर आपटून बोथट होते. हे नंतर दुरुस्त होत नाही.

खुंटी दोन भागांची, आरपार स्क्रूची असेल तर नशीब. दोन्ही बाजूंनी छोटे स्क्रू ड्रायव्हर किंवा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाचे) लावून ती खोला, आट्यांवर टेप गुंडाळा, ड्रिलच्या चकमध्ये हलकेच पकडा आणि कमी वेगावर फिरवत कागद लावा. कड सगळीकडून सारखी मोडते. परत बसवताना निळ्या थ्रेडलॉकरचा (आटे ढिले होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब पुरे. दाबून बसवलेली खुंटी मात्र ठोकून काढायच्या फंदात पडू नका, पात्याचं भोक मोठं होतं.

न खोलता करायचं असेल तर धारेवर इन्सुलेशन टेपचे दोन-तीन वेढे द्या. पात्याच्या बिजागरीची फटही टेपने बुजवा, नाहीतर कागदाची रेती आत जाऊन पातं करकरतं. पातं उघडून, पाठीकडून दोन लाकडी पट्ट्यांत धरून व्हाइसमध्ये अडकवा. नुसत्या लॉकच्या भरवशावर हातात धरून घासू नका. मग 400 नंबरच्या वॉटर पेपरची पाच-सहा मिलिमीटर रुंद पट्टी पाण्यात भिजवून खुंटीच्या वरच्या कडेवरून बुटाला पॉलिश करतात तशी मागे-पुढे ओढा. पट्टी तिरकी धरायची आणि दर थोड्या वेळाने बाजू बदलायची. त्यानंतर 600, शेवटी 1000. पाव मिलिमीटर कड मोडली तरी पुष्कळ झाली. मधूनमधून तेच कापड फिरवून बघा, धागा अडकला नाही की थांबा.

थांबणंच जास्त लोकांना जमत नाही. खुंटी गुळगुळीत गोटी करून टाकली तर चिकट, ओल्या अंगठ्याला पकड राहत नाही आणि पातं अर्ध्यात अडकतं. खुंटीवरच्या पकडीच्या खाचा तशाच राहू द्या, त्यांच्यात पितळी तारेचा ब्रश फिरवला तरी बास. बेंच ग्राइंडर नकोच. त्याने एका क्षणात बूड जातं, पातं तापतं, आणि चाक पात्याला ओढून घेईल ही भीती वेगळीच.

काळा मुलामा असेल तर घासलेल्या जागी पांढरा धातू दिसणार, तो दोष धरू नये. टेप काढून बिजागरीत थोडं डिझेल सोडा, पातं दहा-बारा वेळा उघड-मीट करून पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्या. शेंगदाण्याचं तेल घालू नका. ते वाळून चिकट होतं, आणि चीक नि धूळ त्यातच जाऊन बसते.