कॅनन १५००डी आणि ५० मिमी लेन्स: दोन धूमकेतूंनंतरचा अनुभव

साहित्य आधी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाचे ते कळेल. कॅनन ईओएस १५००डी, तिच्यासोबत येणारी १८-५५ मिमी किट लेन्स, वेगळी घेतलेली ५० मिमी एफ १.८ एसटीएम, ॲल्युमिनियमचा ट्रायपॉड, बटण दाबून लॉक होणारी शटर केबल आणि एक जादा बॅटरी. ट्रॅकर (ताऱ्यांच्या सरकण्याबरोबर कॅमेरा फिरवणारं यंत्र) नाही, दुर्बीण नाही, सेन्सरमध्ये काही बदल केलेला नाही. वापर सप्टेंबर २०२४ ते डिसेंबर २०२५. म्हणजे त्सुचिनशान-ॲटलस आणि लेमन हे दोन धूमकेतू, मधला उन्हाळ्यातला आकाशगंगेचा हंगाम आणि शेवटी जेमिनिड उल्कावर्षाव.

धूमकेतूंसाठी या संचातली खरी कामाची वस्तू म्हणजे ५० मिमी लेन्स. किट लेन्स ५५ मिमीला एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, मोठं). ५० मिमी एफ २.८ ला ठेवली तरी तेवढ्याच वेळात चौपट प्रकाश आत येतो. धूमकेतूच्या शेपटीसाठी तिची चौकटही नेमकी बसते: या सेन्सरवर साधारण २५ अंश बाय १७ अंश. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलसची धुळीची शेपटी दहा अंशांच्या पलीकडे गेली होती. कॅमेरा उभा धरला की खाली झाडांची रेघ आणि वर पूर्ण शेपटी, दोन्ही येतात. एफ १.८ ला मात्र कोपऱ्यातले तारे पंख पसरलेल्या पाखरांसारखे दिसतात. एफ २.२ ला ते बरेच आवरतात, एफ २.८ ला कडेपर्यंत चालण्याजोगे होतात. अंधाऱ्या जागी २.८, धूमकेतू फारच अंधुक असेल तर २.२, हे माझं ठरलेलं आहे.

आता शटरचा वेळ, कारण बहुतेकांचे फोटो इथेच बिघडतात. तारे रेघ न होता शटर किती सेकंद उघडं ठेवता येतं, यासाठी सगळीकडे सांगितला जाणारा ५०० चा नियम इथे लावला (५० ला या सेन्सरच्या १.६ गुणकाने गुणून येणाऱ्या ८० ने ५०० ला भागलं) तर सहा सेकंद येतात. चोवीस मेगापिक्सेलच्या सेन्सरवर सहा सेकंदांत ताऱ्याची स्पष्ट रेघ होते. हिशोब सोपा आहे. पिक्सेल ३.७ मायक्रॉनचा, त्यामुळे ५० मिमीला एक पिक्सेल म्हणजे आकाशाचे सुमारे १५ विकला (एका अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला). खगोलीय विषुववृत्ताजवळ तारे सेकंदाला १५ विकलाच सरकतात. म्हणजे दर सेकंदाला एक पिक्सेल, सहा सेकंदांत सहा. मी अडीच सेकंदांवर थांबतो, फार तर तीन. सप्तर्षींच्या बाजूला, ध्रुवाकडे, चार सेकंदही खपतात. किट लेन्सवर १८ मिमीला आठ ते दहा सेकंद चालतात. याच हिशोबाने २५० मिमीच्या झूमवर सेकंदाला पाच पिक्सेल रेघ येते. ट्रॅकरशिवाय ती लेन्स धूमकेतूसाठी घेऊ नका, त्यापेक्षा ते पैसे ट्रायपॉडवर घाला.

अडीच सेकंदांच्या एका फ्रेममध्ये फारसं काही नसतं. म्हणून फ्रेम पुष्कळ घ्यायच्या आणि नंतर रचायच्या, म्हणजे संगणकावर एकमेकींवर जुळवून एक चित्र करायचं. सिग्नलच्या तुलनेत रवाळपणा फ्रेमसंख्येच्या वर्गमूळाने कमी होतो: शंभर फ्रेमला दहापट सुधारणा, दोनशेला चौदापट. शंभरच्या पुढे फायद्याचा वेग मंदावतो, पण लेमनच्या निळसर आयन (विद्युतभारित वायूच्या) शेपटीसाठी दोनशेपर्यंत जाणं सार्थकी लागलं. ती शेपटी एकट्या फ्रेममध्ये जवळपास दिसतच नव्हती.

फ्रेम घेण्यासाठी बाजारातला स्वस्त इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप शटर दाबणारं उपकरण) लागतोच असं नाही. कॅमेरा एम मोडवर, शटर अडीच सेकंद, ड्राइव्ह कंटिन्युअसवर, आणि केबलचं बटण दाबून लॉक. कार्ड भरेपर्यंत कॅमेरा एकामागून एक फ्रेम घेत राहतो. इंटरव्हॅलोमीटर असेल तर एक गोष्ट तपासा: काहींमध्ये ‘इंटरव्हल’ म्हणजे दोन फ्रेमच्या सुरुवातींमधलं अंतर, काहींमध्ये एक संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंतचं. पहिल्या प्रकारात इंटरव्हल शटरच्या वेळेपेक्षा कमी दिला की फ्रेम गळतात आणि ते घरी आल्यावरच कळतं.

मेनूमध्ये चार गोष्टी बंद करायच्या. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन, कारण ते प्रत्येक फ्रेमनंतर तेवढाच वेळ स्वतःची डार्क फ्रेम (रवाळपणा वजा करण्यासाठी प्रकाश न घेता काढलेली काळी फ्रेम) घेण्यात घालवू शकतं. इमेज रिव्ह्यू, कारण पडदा प्रत्येक वेळी उजळला की बॅटरी जाते आणि डोळ्यांची अंधाराची सवय मोडते. ऑटो पॉवर ऑफ. आणि किट लेन्स असेल तर तिच्या कडेचं स्टॅबिलायझरचं बटण. फाइल फक्त रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). एक फाइल साधारण २५ ते ३० एमबी, म्हणजे दोनशे फ्रेमना पाच-सहा जीबी. व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, आयएसओ १६००. हिस्टोग्रामचा (फोटोतल्या उजेडाची विभागणी दाखवणाऱ्या आलेखाचा) उंचवटा डाव्या कडेपासून सुटून पाव ते एक तृतीयांशावर आला की पुरे. उजवीकडे गेला तर शहराचा उजेड भरतोय, आयएसओ ८०० करा.

फोकस ही या लेन्सची सगळ्यात त्रासदायक बाजू. एसटीएमचं रिंग यांत्रिक नाही, ते मोटरला इशारा देतं. त्यामुळे कॅमेरा जागा असल्याशिवाय रिंग फिरवून काही होत नाही, आणि लेन्सवर अंतराची खूणही नाही. रिंग टोकापर्यंत फिरवली म्हणजे अनंतावर फोकस, हा समज चुकीचा आहे. लेन्स अनंताच्याही पुढे जाते. पद्धत अशी: लाइव्ह व्ह्यू, दहापट मोठं करणं, आणि अभिजित, स्वाती किंवा गुरूसारखी ठळक वस्तू चौकटीच्या मध्याजवळ. ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवून ठिपका सर्वांत लहान करा. फोकसच्या एका बाजूला ताऱ्याभोवती जांभळट कडा येते, दुसऱ्या बाजूला हिरवट. दोन्ही नाहीशा होतात तिथे थांबा. मग एफ २.८ करा आणि रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. बोट लागून ते हललं की पुढची सगळी मालिका वाया जाते. रात्र थंड होत गेली की फोकस किंचित सरकतो, म्हणून दर पाऊण तासाने एक फ्रेम मोठी करून बघावी. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढून ठेवा; ठळक दिव्यांची उलटी, पुसट प्रतिमा तोच आणतो.

धूमकेतू सापडत नसेल तर आयएसओ ६४००, एफ २, पाच सेकंद अशी एक चाचणी फ्रेम घ्यायची. तारे लांबट येतील, पण हिरवट किंवा धुरकट डाग लगेच ओळखू येतो. मोबाइलवरच्या स्टेलेरियम या आकाशनकाशाच्या ॲपमध्ये धूमकेतूची कक्षामाहिती ताजी करून घ्यावी, नाहीतर जागा चुकीची दाखवते.

सेन्सर न बदललेला कॅमेरा तांबड्या तेजोमेघांसाठी अपुरा पडतो, कारण हायड्रोजनचा गडद लाल प्रकाश आतला फिल्टर बराचसा अडवतो. धूमकेतूंसाठी ही अडचण नाही. डोक्याचा हिरवा रंग द्विअणू कार्बनचा, आयन शेपटीची निळाई कार्बन मोनॉक्साइडच्या आयनांची, आणि धूळ म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाश. हे तिन्ही साधा कॅमेरा बिनतक्रार टिपतो. हजारो रुपये खर्चून सेन्सर बदलून घेण्याआधी हे लक्षात घ्यावं. पिवळ्या सोडियम दिव्यांसाठी मिळणारे फिल्टरही आता फारसे उपयोगाचे नाहीत, रस्त्यांवर एलईडी आल्यापासून उजेड सगळ्याच रंगांत पसरलेला आहे.

जागेचा मुद्दा लेन्सपेक्षा मोठा आहे, आणि तो दिशेनुसार बदलतो. वांगणीचं आकाश डोक्यावर चांगलं असतं, मुंबई परिसरातले हौशी तिथे वर्षानुवर्षं जातात. पण संध्याकाळचा धूमकेतू वायव्येला असेल तर नेमका बदलापूर-कल्याणचा उजेड मागे येतो. सह्याद्रीच्या कड्यावरून पश्चिमेला बघतानाही तेच: खाली कोकण, मागे शहराची नारिंगी पट्टी. कोकणच्या किनाऱ्यावर पश्चिम क्षितिज अंधारं आणि मोकळं मिळतं, पण समुद्रावरचा दमट थर शेवटचे पाच-सात अंश खाऊन टाकतो. क्षितिजापासून दहा अंशांवर प्रकाश डोक्यावरच्या तुलनेत सुमारे साडेपाचपट हवेतून येतो, तेव्हा एका प्रतीपेक्षा (प्रत म्हणजे ताऱ्यांचं तेज मोजण्याची पायरी) जास्त तेज तिथेच जातं. विदर्भातल्यांना पेंच आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याला भारतातल्या पहिल्या डार्क स्काय पार्कचा मान मिळाला.

आणि चंद्र. १२ ऑक्टोबर २०२४ ला त्सुचिनशान-ॲटलस पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता, त्यानंतर चारच दिवसांनी कोजागरी. शेपटी तेजस्वी असताना आकाश धुऊन निघत होतं, आणि २० तारखेनंतर चंद्र उशिरा उगवू लागला तेव्हा धूमकेतू मंदावत चाललेला. लेमन २१ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे नेमका अमावास्येला, सर्वांत जवळ आला. अंधार मिळाला, पण दिवाळीच्या फटाक्यांचा धूर वस्तीजवळ खालच्या आकाशात साचून राहतो. वस्तीपासून वीस-पंचवीस किलोमीटर तरी दूर जावं. आपल्या अक्षांशावर सूर्यास्तानंतर पूर्ण अंधार व्हायला सव्वा तास लागतो. धूमकेतू सूर्यास्तानंतर दोन तासांनी मावळणार असेल तर हातात पाऊण तास उरतो, त्यातला खालचा भाग निरुपयोगी. म्हणून फोकस आणि चौकट संधिप्रकाशातच, शुक्रावर किंवा पहिल्या दिसलेल्या ताऱ्यावर उरकून ठेवा.

ऑक्टोबरचं दव फार वाईट. गवताळ जागी रात्री नऊनंतर लेन्सवर धुकं बसतं आणि फ्रेममागून फ्रेम तारे फुगत जातात. पुसलं तर मिनिटभरात परत. यूएसबीवर चालणारा गरम पट्टा लेन्सच्या पुढच्या कडेला बांधून पॉवर बँकेला जोडला की काम भागतं. पट्टा सुरुवातीपासून चालू ठेवायचा, दव बसल्यावर नाही. फोकस रिंगवर तो येऊ देऊ नका. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नये, त्याच्या आकड्याला बॅग अडकवावी, पण ती जमिनीला टेकलेली असावी. लोंबती बॅग वाऱ्यात कॅमेराच झुलवते. प्लॅस्टिकच्या डोक्याचे हलके ट्रायपॉड ५० मिमीला कसेबसे चालतात, पण कॅमेरा उभा केला की हळूहळू खाली झुकतात आणि शेवटच्या फ्रेममध्ये धूमकेतू कडेला गेलेला असतो.

घरी आल्यावरच्या कामासाठी आणखी काही फ्रेम लागतात. त्याच आयएसओ, त्याच वेळेच्या पंचवीस-तीस डार्क फ्रेम जागेवरच, झाकण लावून घ्या, व्ह्यूफाइंडरही झाका. फ्लॅटसाठी (सगळीकडे सारख्या उजेडाच्या फ्रेमसाठी) लेन्सवर पांढरा सुती कपडा ताणून लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर वीस फ्रेम, फोकस आणि ॲपर्चर न हलवता. ५० मिमीचे काळवंडलेले कोपरे याशिवाय नीट होत नाहीत.

रचताना खरी गोम कळते: धूमकेतू ताऱ्यांमध्ये सरकतो. दिवसाला साडेतीन-चार अंश वेग असेल तर मिनिटाला नऊ-दहा विकला, म्हणजे दहा मिनिटांच्या मालिकेत या लेन्सवर सहा पिक्सेल. फक्त तारे जुळवले तर डोकं लांबट होतं आणि शेपटीतले बारीक धागे पुसले जातात. डीप स्काय स्टॅकर या फ्रेम रचण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या, शेवटच्या आणि संदर्भ फ्रेममध्ये धूमकेतूचं केंद्र खुणावायचं. मधल्या फ्रेममधली जागा तो वेळेवरून काढतो. सिरिल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही तशीच सोय आहे. दोन्ही फुकट आहेत. एकदा तारे जुळवून, एकदा धूमकेतू जुळवून, मग दोन चित्रं एकत्र. सिरिलमध्ये पार्श्वभूमीचा उजेड काढताना नमुन्याचे ठिपके शेपटीवर पडू देऊ नका. आपोआप टाकलेले ठिपके तिथे पडतातच, आणि मग सॉफ्टवेअर शेपटीलाच प्रदूषण समजून काढून टाकतं. लेमनची निम्मी शेपटी मी पहिल्या प्रयत्नात अशीच घालवली. ठिपके हाताने पुसल्यावर ती परत आली.

किट लेन्सला अगदीच मोडीत काढू नये. जेमिनिडला १८ मिमी, एफ ३.५, आयएसओ ३२००, दहा सेकंद, तीच लॉक केलेली केबल, आणि कॅमेरा मिथुन राशीपासून, जिथून या उल्का येताना दिसतात, थोडा बाजूला, म्हणजे उल्कांच्या रेघा लांब येतात. रात्रभरात दोन बॅटऱ्या लागतात.

पुढे ट्रॅकर घ्यायचा विचार असेल तर उत्तर क्षितिज आधी बघा, कारण तो ध्रुवताऱ्याकडे रोखून लावावा लागतो. महाराष्ट्रात ध्रुवतारा फक्त सोळा ते बावीस अंशांवर असतो. समोर एखादी टेकडी किंवा गच्चीपुढे इमारत असली की ट्रॅकर नीट लावताच येत नाही.

पावसाळ्यात लेन्स बॅगेत ठेवू नका, बुरशी धरते. रबरी कडेचा हवाबंद डबा, निळी सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक; काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. जेल गुलाबी झाली की कढईत मंद आचेवर निळी होईपर्यंत परतून, गार करून परत डब्यात. जूनच्या आधी एकदा, मग दर तीन आठवड्यांनी.